आईच्या वाट्याचे मीठ

फाल्गुन लागला की खाडीपलीकडे कळव्याच्या आगरांत पाणी आटत जाते, आणि एखाद्या सकाळी शाळेच्या खिडकीतून पाहावे तर मिठाच्या पांढऱ्या राशी ओळीने उभ्या असतात. आमच्या शाळेची वार्षिक तपासणी याच दिवसांत येते. त्यामुळे मीठ आणि भूगोल या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींना चिकटून बसल्या आहेत, त्या काही आता सुटायच्या नाहीत. मी ठाण्याच्या याच शाळेत शिकलो आणि आता याच शाळेत मास्तर आहे. काल मी मुलांना देश वाटून दिले.

देश वाटण्याची रीत माझी नव्हे, आमच्या जुन्या मास्तरांची. त्यांचे म्हणणे असे की, एका मुलाच्या डोक्यात सबंध पृथ्वी मावत नाही, एक देश मावतो. म्हणून तपासणीच्या महिनाभर आधी ते प्रत्येकाला एकेक देश देत. त्या देशाची राजधानी, नद्या, डोंगर, तिथले लोक काय खातात, काय नेसतात, कोणत्या देवाला भजतात, हे त्या मुलाने घोकायचे. बाकीच्या पृथ्वीशी त्याला कर्तव्य नाही. तपासणीला येणारे डेप्युटी साहेब नकाशावर छडी ठेवत पुढे पुढे सरकत आणि त्या त्या जागेचा मुलगा उठून धडाधड बोलू लागे. शाळेला नेहमी उत्तम शेरा मिळे. साहेबांना ही युक्ती ठाऊक असणारच, पण त्यांनाही दुपारची गाडी पकडायची असे.

महिनाभर आम्ही एकमेकांना देशाच्याच नावाने हाक मारत असू. मामलेदारांच्या मुलाला विलायत मिळे, ती दुसऱ्या कोणाला मिळत नसे. ‘आज रूस का आला नाही?’ असे मास्तर विचारत, आणि ‘त्याला गोवर निघालाय,’ असे कोणीतरी सांगे. माझ्या शेजारी पोशा बसायचा, कळव्याच्या आगरातला, मीठ पिकवणाऱ्याचा मुलगा. त्याच्या टाचांना खारट पाण्याने भेगा पडलेल्या असत. तो चीन होता. चीनचे पुरुष लांब वेणी घालतात हे त्याला मुळीच पटत नव्हते, पण पाठ होते.

नकाशा एकच होता. त्याला रोगणाचा वास यायचा. उजवीकडचा खालचा कोपरा वाळवीने खाल्ला होता, पण तिथे नुसता समुद्रच होता, म्हणून कोणाला फारसे वाईट वाटले नाही.

काल मी सगळे देश वाटले, आफ्रिकेतला हबसाण तेवढा वाटला नाही. कोणत्याच वर्षी वाटत नाही. नव्या पुस्तकात त्या देशाला दीड ओळ दिली आहे, तेव्हा मुलेही विचारत नाहीत.

मी नऊ वर्षांचा होतो त्या फाल्गुनात हबसाण माझ्याकडे होता.

माझे वडील सुतार होते. बंदरावर पडाव, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, दुरुस्त करायचे. घरी येत तेव्हा त्यांच्या अंगाला सागाच्या भुशाचा आणि राळेचा वास असे. त्या फाल्गुनाच्या सव्वा वर्ष आधी, मार्गशीर्षात, सरकारचे लष्कर समुद्रापार हबसाणात जाणार अशी बातमी आली. लष्कराला धक्के बांधायला, खोगिरांचे लाकूड दुरुस्त करायला सुतार हवे होते. बाबा गेले. हत्यारे सरकार देणार होते, म्हणून त्यांनी आपला लाकूड तासायचा वाकस तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला. मला म्हणाले, ‘याला हात लावू नको, बोट जाईल.’ याहून वेगळे काही म्हणाल्याचे मला आठवत नाही. आठवावे म्हणून मी पुष्कळ खटपट केली आहे.

त्यांचे एकच पत्र आले, तेही दुसऱ्या कोणाच्या हातचे. खुशाल आहे, इथे डोंगर फार आहेत, थंडी फार आहे, मुलाला शाळेत पाठवत जावे. पुढे पत्र नाही. पावसाळ्यात काका दोन वेळा मुंबईला जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांनी आल्यावर पाय धुतले, मागच्या पडवीत आईशी थोडे बोलले आणि आपल्या घरी गेले. मला कोणी काही सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. आमच्या घरात विचारण्याची पद्धत नव्हती.

बाबा गेले त्या दिवसापासून आईने मीठ सोडले. त्यांचे पाऊल उंबऱ्यात पडेपर्यंत अळणी जेवेन, असा तिने देवीला नवस बोलला होता. हे मला फार वर्षांनी काकूकडून कळले. त्या वेळी मला दिसे ते एवढेच की, आई आपली आमटी मीठ घालण्याआधी वाटीत काढून ठेवते. पान वाढताना पहिल्यांदा मीठ वाढतात, डाव्या हाताला, वरच्या बाजूला. आईच्या पानावर ती जागा रिकामी असे.

‘तुला मीठ नको?’ मी एकदा विचारले.

‘तू जेव,’ ती म्हणाली.

तर त्या फाल्गुनात मास्तर देश वाटत होते. अरबस्तान झाला, मिसर झाला. मग त्यांनी पुस्तकात पाहिले आणि हबसाणचे नाव घेतले. मी हात वर केला. मास्तरांनी नकाशाकडे पाहिले.

‘तू मिसर घे,’ ते म्हणाले. ‘मिसर चांगला देश आहे. मोठी नदी आहे. त्याला देऊ आपण हबसाण.’ मिसर ज्याला मिळाला होता तो खुशीत उठायलाही लागला.

‘आमचे बाबा तिथेच आहेत,’ मी म्हणालो.

मास्तरांनी पुस्तक मिटले, पुन्हा उघडले. ‘बरे, घे,’ म्हणाले.

त्यांना तेव्हाच सगळे ठाऊक होते, हे आज मला समजते. ज्याला ठाऊक नव्हते असा गावात मीच राहिलो असेन. पण मास्तर तरी काय करणार होते? चाळीस मुलांपुढे तोंडातून काही काढण्यापेक्षा देश देऊन टाकणे सोपे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते, आणि मग रात्रभर स्वतःवर चिडलो असतो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझा देश वाचून दाखवला. हबसाण हा आफ्रिका खंडातला डोंगराळ मुलुख. लोक सावळे, अंगावर पांढरे जाड वस्त्र पांघरतात, त्यांचा धर्म ख्रिस्ती आहे आणि फार जुना आहे. ते कच्चे मांस खातात. हे ऐकून वर्गातले काही जण थुंकायला बाहेर जाऊन आले. एका प्रकारच्या बारीक धान्याची मोठाली आंबवलेली पोळी करून सगळे एका ताटात जेवतात. आणि त्या देशात मीठ मिळणे फार कठीण, म्हणून मिठाच्या लांबट विटा करून त्या पैशासारख्या वापरतात. वीट दिली की धान्य, कापड, खेचर, काय हवे ते मिळते.

खिडकीबाहेर कळव्याच्या राशी दिसत होत्या. सगळ्यांनी आधी तिकडे पाहिले, मग पोशाकडे.

‘मंग आमचा बापूस तं तिकडचा राजाच झाला पायजे,’ पोशा म्हणाला.

मास्तरसुद्धा हसले. पोशा दिवसभर राजासारखा बसला आणि मधल्या सुट्टीत त्याने दोघांना दिवाण नेमले. मी हसलो नाही. मला एकदम सगळे समजले होते.

म्हणजे मला जे समजले ते असे. हबसाणात मीठ म्हणजे पैसा. बाबांकडे मीठ नसणार, कारण ते नेले असते तर मला दिसले असते. मीठ नाही म्हणून खेचर नाही, खेचर नाही म्हणून डोंगर उतरून जहाजापर्यंत येता येत नाही. आणि आई मीठ खात नाही, कारण ती आपल्या वाट्याचे मीठ त्यांच्यासाठी राखून ठेवते आहे. मात्र ते पाठवायचे कसे, हे तिला कळत नसावे. तिला बिचारीला भूगोल कुठे शिकवला होता?

नऊ वर्षांच्या मुलाचा हा हिशेब आता मला चुकीचाही वाटत नाही. एका बाजूला अळणी जेवणारी आई, दुसऱ्या बाजूला मिठावाचून अडलेला देश आणि मध्ये खाडीकाठी पडलेले ढीगच्या ढीग. ठाण्याच्या मुलाने याची सांगड अशीच घातली असती.

मी आईचे मीठ बाजूला काढू लागलो. रोज दोन्ही जेवणांच्या वेळी, तिच्या पानावर जी चिमूट पडायला हवी ती मी मिठाच्या मडक्यातून घ्यायची आणि बाबांच्या जुन्या पागोट्याच्या फडक्यात टाकायची. पुढे हिशेब पुरा व्हावा म्हणून मागच्या दिवसांचेही थोडे थोडे घेऊ लागलो. महिनाभरात नारळाएवढे गाठोडे झाले. ते मी माळ्यावर वाकसाशेजारी ठेवत असे. चोरी करतो आहोत असे एकदाही वाटले नाही, उलट घरातले एक अडलेले काम आपण मार्गी लावतो आहोत असे वाटत होते. इतक्या आनंदात मी त्यानंतर फार वेळा नव्हतो.

तपासणीच्या चार दिवस आधी मी गाठोडे घेऊन बंदरावर गेलो. एक तांडेल बाबांच्या ओळखीचा होता. त्याच्या पडावाचा तळ बाबांनी बदलून दिला होता. भरतीची वाट पाहत तो पडाव उभा होता, मुंबईला निघालेला. मी त्याला सांगितले की, हे मुंबईत हबसाणच्या जहाजावर द्यायचे, ठाण्याचा सुतार म्हटले की तिथे कोणीही ओळखेल.

त्याने फडके सोडून आत पाहिले. मग मागे वळून आपल्या पडावाकडे पाहिले.

‘पोरा, माजा पडावच मिठान भरलाय,’ तो म्हणाला. ‘ह्या तुजा मूठभर कशाला?’

‘हे आईच्या वाट्याचं आहे,’ मी म्हणालो, आणि पुस्तकात लिहिलेले सगळे त्याला सांगितले. विटा, धान्य, खेचर, सगळे.

मग त्याने गाठ पुन्हा बांधली, चांगली खलाशाची, घट्ट. ‘देतंव,’ म्हणाला. ‘जा आता, शाला बुडवू नको.’

तपासणीच्या दिवशी शाळा सारवली होती. मास्तरांनी लाल पागोटे घातले होते. डेप्युटी साहेब पुण्याकडचे, बुटके, मायाळू चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांनी नकाशावर छडी ठेवली आणि देश उठू लागले. विलायत उत्तम बोलली. चीनने वेणीवर जरा जास्तच जोर दिला. छडी अरबस्तानावरून समुद्र ओलांडून माझ्यावर आली. मी उठलो. एकही अक्षर अडखळले नाही. डोंगर, थंडी, पांढरे वस्त्र, ख्रिस्ती धर्म, मिठाच्या विटा.

साहेबांना कौतुक वाटले. ‘वा,’ ते म्हणाले. ‘एवढा लांबचा देश इतका चांगला पाठ कसा काय केलास?’

‘आमचे बाबा तिथे आहेत,’ मी म्हणालो. ‘लष्कराबरोबर गेले आहेत.’

‘आहेत?’ साहेब म्हणाले. ‘अरे, ती मोहीम संपून तर वर्ष होत आले. लष्कर सगळे परत आले. तिकडे आता आपले कोणी नाही.’

ते अगदी सहज म्हणाले. मुलाची भूगोलातली एक चूक सुधारावी तसे. मग त्यांनी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिले, आणि त्यांचे त्यांना उमगले. त्यांची छडी नकाशावर तशीच राहिली. माझ्या शेजारी पोशा आपल्या टाचेची भेग नखाने कोरत होता.

मला काहीच वाटले नाही. हे मी आज लिहितो म्हणून सजवून लिहीत नाही, खरोखर काही वाटले नाही. हातपाय आपले नव्हेत असे झाले, आणि डोक्यात एकच विचार होता की, माझे उत्तर पुरे झालेले नाही, उत्पन्ने राहिली आहेत. मी म्हणालो, ‘या देशातील मुख्य उत्पन्ने: कॉफी, हस्तिदंत, मध, मेण.’ आणि खाली बसलो.

‘शाबास,’ साहेब फार हळू म्हणाले. छडी मिसरावर गेली. शाळेला त्या वर्षीही उत्तम शेरा मिळाला.

घरी गेलो. आईने पान वाढले. मी मडक्याकडे गेलो नाही, आपल्या पाटावर बसून राहिलो. आई वाढता वाढता थांबली.

‘आज नाही घेतलंस?’ तिने विचारले.

म्हणजे तिने महिनाभर पाहिले होते. मी कशासाठी घेतो हे तिने विचारले नव्हते, अडवलेही नव्हते. मडक्यातले मीठ लवकर संपत होते तरी ती गुपचूप भरून ठेवत होती.

‘पुरे झालं,’ मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि माझ्या भातावर तूप वाढले. ती आपली अळणी आमटी घेऊन समोर बसली. बाबांविषयी आम्ही त्या दिवशी बोललो नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही. तिचे कुंकू कपाळावर राहिले आणि तिचे पान अळणी राहिले. देवीशी बोललेले शब्द होते, माणूस आल्याशिवाय ते सुटणार नव्हते. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या, पण कुंकू लावताना तिच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत. मी शिकत राहिलो. माळ्यावरच्या वाकसाला दरसाल तेल लावत राहिलो. लोक म्हणत, मुलगा शांत आहे. शांत वगैरे काही नव्हतो. त्या दिवशी अंगात जे बधिरपण आले ते गेलेच नव्हते, आणि त्याच्यासह सगळे करता येते हे मला समजले होते, एवढेच. लग्नसुद्धा करता येते.

बारा वर्षे झाली. परदेशी गेलेल्या माणसाची बारा वर्षे खबर नसेल तर तो गेला असे धरतात आणि त्याची क्रिया करतात. काका मार्गशीर्षात येऊन तेवढेच म्हणाले, ‘बारा झाली.’ देह नसतो म्हणून पळसाच्या पानांचा माणूस करतात, तीनशे साठ पाने, डोक्याच्या जागी नारळ. पाने येऊरच्या डोंगरातून आली. ती मी मांडली. उंची किती धरायची असे भटजींनी विचारले, आणि मला सांगता येईना. माझ्या आठवणीतले बाबा फार उंच होते, पण ते गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. शेवटी काका म्हणाले, ‘तुझ्याएवढा.’ मग मी माझ्याएवढा माणूस मांडला आणि खाडीकाठी त्याला अग्नी दिला. पाने फार लवकर जळतात. घरी बायकांनी आईचे काय केले ते मी पाहिले नाही, आणि लिहीतही नाही.

तो तांडेल आला होता. म्हातारा झाला होता. परत निघताना त्याने मला बाजूला घेतले.

‘तुजा मीठ मी जहाजावर नाय दिला,’ तो म्हणाला. ‘कोनाला देनार व्हतो? माज्याच्यान टाकवला पन नाय. त्याच दिवशी भातावर घेऊन खाल्ला आमी सगल्यांनी. इतकी वरसा तुला सांगीन म्हनतंव.’

‘बरं केलंत,’ मी म्हणालो. खरेच मला बरे वाटले. कोणाच्या तरी पोटात गेले.

तेराव्यानंतरच्या दिवशी घरात पुन्हा रोजचा स्वयंपाक झाला. काकूने केला. वाढायला मी होतो. भटजी सांगून गेले होते की, ज्याच्यासाठी नवस तोच राहिला नाही, आता नवस सुटला, बाईंनी मीठ घ्यावे. आईचे पान मांडले. मी मिठाचे भांडे घेऊन तिच्यापुढे आलो आणि माझा हात डावीकडच्या वरच्या जागेवर थांबला. बारा वर्षांत तिथे कधी काही पडले नव्हते.

‘वाढ,’ आई म्हणाली.

मी वाढले. एक चिमूट, पूर्वी घेत असे तेवढीच. तिने भातावर आमटी घेतली, पहिला घास घेतला आणि थांबली.

‘कसं लागतंय?’ काकूने विचारले.

‘खारट,’ आई म्हणाली.

मी आमटी चाखून पाहिली. मीठ बेताचेच होते, किंचित कमीच. आईने खाली मान घालून सगळे जेवण संपवले. मग पानाच्या कडेची ती चिमूटही बोटाने टिपून तोंडात टाकली, आणि उठून हात धुतले.